हैतींतील घरें आणि एका समाजमंदिराचा आराखडा

शाळेंतील पृथ्वीच्या गोलावर पुण्याच्या ठिकाणीं बोट टेकावें आणि बोट तसेंच स्थिर ठेवून गोल सावकाश पूर्वेकडे फिरवावा. बोटाखालून अरबी समुद्र जाईल, अरबस्तान जाईल, सुदान आणि सहाराचा दक्षिण भाग जाईल. मग अटलांटिक महासागराचा लांबच लांब निळा पट्टा. आणि तो संपतां संपतां जी बेटांची माळ लागते तींतील एका मोठ्या बेटावर बोट येईल. या बेटाचें नांव हिस्पानिओला. त्याचा पश्चिमेकडील सुमारें एक तृतीयांश भाग म्हणजे हैतीचें प्रजासत्ताक राज्य, आणि त्याची राजधानी पोर्ट-औ-प्रिन्स. पुणें आणि पोर्ट-औ-प्रिन्स यांचा अक्षांश जवळ जवळ एकच आहे : साडेअठरा अंश उत्तर. पुण्याच्या अंगणांत वर्षांतून ज्या दोन दिवशीं भर दुपारची सावली पायाखालीं लपते, त्याच दोन दिवशीं ती तेथील अंगणांतहि लपते.

सूर्य असा सारखा असला तरी भूमि आणि वारा हीं मात्र सारखीं नाहींत. हैतीच्या खालून भूकवचाच्या दोन प्रचंड तुकड्यांची सीमा जाते, आणि जूनपासून नोव्हेंबरपर्यंत अटलांटिकवरून तुफानें येत असतात. या तुफानांना इंग्रजींत ज्या नांवानें ओळखतात तो ‘हरिकेन’ शब्दच मुळीं या बेटांतील ताइनो लोकांच्या भाषेंतून आलेला आहे.

अशा देशांतील एखाद्या लहान गांवाला समाजमंदिर बांधावयाचें आहे, असें धरून चालावें. सभा, मुलांचा अभ्यास, लग्नकार्य, वाचनालय, औषधपाणी आणि संकटकाळीं आसरा, एवढीं सर्व कामें त्या एका इमारतीनें करावयाचीं. ती देशी परंपरेला धरून असावी असें सर्वच म्हणतील. परंतु परंपरेला धरून म्हणजे नेमकें काय धरून? हा प्रश्न इतर देशांत अभिरुचीचा असेल. हैतीमध्यें त्याचें उत्तर चुकलें तर माणसें मरतात.

१२ जानेवारी २०१० रोजीं सायंकाळीं पांच वाजण्यास सात मिनिटें असतां राजधानीच्या पश्चिमेस सुमारें पंचवीस किलोमीटरांवर, लेओगान या गांवाजवळ, ७.० तीव्रतेचा भूकंप झाला. मृतांच्या संख्येविषयीं मतभेद आहेत. हैती सरकारनें ती तीन लाखांहून अधिक सांगितली. इतर अंदाज त्याहून पुष्कळ कमी आहेत, पण तेहि कित्येक सहस्रांचेच आहेत. राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद, मुख्य कॅथीड्रल, सरकारी कचेऱ्या, शाळा, रुग्णालयें कोसळलीं. हीं सर्व विटा, दगड किंवा सिमेंट-काँक्रीट यांचीं भक्कम दिसणारीं बांधकामें होतीं. आणि त्यांच्या आसपास, शतकभर वाळवीनें पोखरलेलीं, रंग उडालेलीं, कित्येक तर मोडकळीस आलेलीं लांकडी घरें उभीं राहिलीं.

हीं लांकडी घरें म्हणजे तेथील सुप्रसिद्ध ‘जिंजरब्रेड’ घरें. सुमारें १८८० पासून १९२५ पर्यंत राजधानींतील सुखवस्तु कुटुंबांनीं तीं बांधलीं. उंच निमुळतीं छपरें, चहूंकडे ओसऱ्या, जमिनीपासून जवळ जवळ छतापर्यंत जाणाऱ्या झडपांच्या खिडक्या, आणि वळचणीला लांकूड कोरून केलेली नाजूक झालर, हें त्यांचें रूप. साखरेची नक्षी काढलेल्या आल्याच्या केकावरून अमेरिकन प्रवाशांनीं १९५० नंतर त्यांना हें नांव दिलें. बांधणाऱ्यांना तें ठाऊक नव्हतें. जॉर्ज बोसां, लेओं मातों आणि जोसेफ-युजीन माक्सिमिलियन हे तिघे हैतीचे तरुण पॅरिसमध्यें स्थापत्य शिकून परत आले आणि त्यांनीं या शैलीला बहर आणिला. १९२५ सालीं राजधानीच्या नगराध्यक्षांनीं आगीच्या भयानें नवीं घरें विटांचीं, काँक्रीटचीं किंवा लोखंडाचींच बांधावीं असा हुकूम काढला, आणि ती परंपरा खुंटली. विशेष हें कीं भूकंपांत जो राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद कोसळला तो याच बोसांनीं आखलेला, सलोह काँक्रीटचा होता.

भूकंपाच्या तीनच महिने अगोदर, ऑक्टोबर १९०९ नव्हे तर अगदीं अलीकडे, ऑक्टोबर २००९ मध्यें, वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेनें या घरांचा समावेश जगांतील धोक्यांत असलेल्या वास्तूंच्या यादींत केला होता. भूकंपानंतर तिच्याच तज्ज्ञांनीं वस्तींतून फिरून सुमारें दोनशें घरें तपासलीं. त्यांपैकीं अंशतः वा पूर्णतः कोसळलेलीं घरें शेंकडा पांचाच्या आसपास निघालीं. भोंवतालच्या इतर बांधकामांत तें प्रमाण शेंकडा चाळीसाच्या घरांत होतें.

याचें कारण समजण्यास गणित फारसें लागत नाहीं. स्वयंपाकघरांतील मातीचा माठ आणि बांबूची टोपली शेजारीं ठेवावीं. माठाला जोराचा धक्का बसला तर तो फुटतो. टोपलीला बसला तर ती वांकते, कुरकुरते आणि पुन्हां पूर्ववत् होते. टोपलीला मातीनें लिंपलें तर धक्क्यानें लेप तडकेल, कांहीं गळेलहि, परंतु टोपली टोपलीच राहील. जिंजरब्रेड घरें ही टोपलीची जात आहे. लांकडी खांब, तुळया आणि तिरपे टेकू यांची चौकट. तिच्या पोकळींत विटा किंवा दगड मातीचुन्यांत बसविलेले. जमीन हलली म्हणजे चौकट झुलते, भरणा चौकटीवर घासतो, तडे जातात, आणि त्या घासण्यांतच धक्क्याचा बराचसा जोर खर्च होतो. दुसरी गोष्ट वजनाची. भूकंपाचा धक्का वस्तूला तिच्या वजनाच्या प्रमाणांत बसतो. डोक्यावर काँक्रीटचें जड छत आणि खालीं पोकळ ठोकळ्यांच्या भिंती व बारीक खांब, ही स्थिति म्हणजे काडीवर तोललेला पाटा होय.

येथें काँक्रीटला विनाकारण बदनाम करणें न्यायाचें होणार नाहीं. त्याच वर्षीं २७ फेब्रुवारीस चिली देशांत ८.८ तीव्रतेचा, म्हणजे कितीतरी अधिक प्रचंड भूकंप झाला, आणि तेथें सुमारें पांचशें माणसें दगावलीं. चिलींत काँक्रीट होतें, पण सळया पुरेशा होत्या आणि नियमहि पाळले जात. हैतींत वाळू भुसभुशीत, सिमेंट कमी, सळया बारीक. दोष कृपण मिश्रणाचा होता. तसेंच जुनें तें सारें सुरक्षित असेंहि नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीला जीं घरें पडलीं तीं जुन्या वळणाचींच होतीं : मातींत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती आणि वर मातीच्या थरांचें जड माळवद. तेव्हां परंपरा हा शब्द उच्चारल्यानें घर वांचत नाहीं; परंपरेंतील जें हलकें, बांधलेलें आणि लवचीक आहे तें निवडून घ्यावें लागतें.

हैतीच्या परंपरेंत असें निवडण्याजोगें पुष्कळ आहे, कारण ती एका उगमाची नाहीं. ताइनो लोक खांब रोवून, वर गवताचें शाकार घालून घरें करीत, आणि वस्तीच्या मध्यें ‘बातेय’ नांवाची मोकळी जागा ठेवीत. १४९२ मध्यें कोलंबस आला आणि पुढील कांहीं दशकांतच ते लोक जवळ जवळ नाहींसे झाले. मग उसाच्या मळ्यांवर राबविण्यासाठीं आफ्रिकेंतून लक्षावधि गुलाम आणिले गेले. त्यांच्याबरोबर पश्चिम आफ्रिकेंतील घराची आठवण आली. फ्रेंच मालकांच्या सुतारांनीं लांकडी चौकटीचे सांधे आणिले. १७९१ सालीं गुलामांनीं बंड केलें आणि १ जानेवारी १८०४ रोजीं त्यांनीं स्वातंत्र्य पुकारलें. स्वतंत्र झालेल्या शेतकऱ्यानें जें घर बांधलें त्यांत हे तिन्ही प्रवाह मिळालेले दिसतात.

या लहान घराला तेथील क्रेओल भाषेंत ‘ती काय’ म्हणतात. मराठी कानाला हा प्रश्न वाटेल. पण तेथें ‘ती’ म्हणजे लहान आणि ‘काय’ म्हणजे घर. एकामागें एक दोन खोल्या, अरुंद बाजूला दार, पुढें ओसरी, वर दुपाखी छप्पर. अमेरिकेंतील न्यू ऑर्लीन्स शहरांत याच बेताचीं लांबोळकीं घरें रांगेनें आहेत, आणि तीं हैतींतून गेलेल्या लोकांनीं तेथें नेलीं असें जॉन मायकेल व्लाख या अभ्यासकानें १९७६ मध्यें दाखविलें. भिंतीसाठीं खांबांच्या मध्यें चिरलेल्या काठ्या किंवा ताडाच्या पट्ट्या आडव्या-उभ्या विणतात आणि वर मातीचा व चुन्याचा गिलावा करितात. त्याला ‘क्लिसाद’ हें नांव आहे. ज्यानें कोंकणांतील कुडाची भिंत पाहिली आहे त्याला ती वेगळी वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाहीं.

परंतु हैतीच्या परंपरेंतील सर्वांत महत्त्वाची वस्तु भिंतही नव्हे आणि छप्परही नव्हे. ती म्हणजे अंगण. तेथें त्याला ‘लाकू’ म्हणतात, आणि या शब्दाचा अर्थ केवळ मोकळी जागा एवढाच नाहीं. आजोबांचें घर, मुलांचीं घरें, विधवा आत्याची खोली, वेगळें स्वयंपाकघर, पाण्याचा रांजण, सावलीचें एखादें जुनें आंब्याचें झाड आणि कडेला पूर्वजांचीं थडगीं, हें सर्व ज्या एका अंगणाभोंवतीं असतें त्या सगळ्या कुटुंबसमूहाला मिळून लाकू म्हणावयाचें. मूल जन्मलें म्हणजे त्याची नाळ अंगणांत पुरून तेथें झाड लावण्याचा रिवाज आहे. तें झाड त्या मुलाचें. गुलामगिरींतून सुटलेल्या माणसांनीं पुन्हां मळ्यावर मजुरीला जाण्याचें नाकारलें आणि स्वतःच्या तुकड्यावर हीं अंगणें वसविलीं. ज्यांना पिढ्यान् पिढ्या कुटुंब ठेवण्याचाहि अधिकार नव्हता, त्यांनीं प्रथम कुटुंबाला बसण्यापुरती जागा आखून घेतली. रात्रीं याच अंगणांत गोष्टी सांगतात. सांगणारा विचारतो, ‘क्रिक?’ ऐकणारे एका आवाजांत म्हणतात, ‘क्राक!’ हें उत्तर आल्यावांचून गोष्ट सुरू होत नाहीं.

शेजाऱ्याचें शेत खणावयाचें असो, वा घर शाकारावयाचें असो, सर्वांनीं मिळून जाऊन तें एका दिवसांत उरकावयाचें आणि ज्याचें काम त्यानें जेवण घालावयाचें, या चालीला ‘कोंबीत’ म्हणतात. ढोल वाजत असतो, गाणें चाललेलें असतें. समाजमंदिराचा आराखडा करणाऱ्यानें लाकू आणि कोंबीत हे दोन शब्द कागदाच्या माथ्यावर लिहून ठेवावे आणि मगच पट्टी-पेन्सिल हातांत घ्यावी.

कारण याच ठिकाणीं बहुतेकांची चूक होते. हैतीचें स्थापत्य म्हटलें कीं डोळ्यांत भरते ती कोरीव झालर. मग काँक्रीटची एक पेटी बांधावयाची, तिला कातरकामाच्या फळ्या ठोकावयाच्या, गुलाबी-निळा रंग द्यावयाचा, आणि झालें देशी समाजमंदिर! ही झालर त्या पेटीला धरून ठेवीत नाहीं आणि गारहि करीत नाहीं.

केवळ रूपाच्या आठवणीवर इमारत किती दिवस तग धरते, हें पाहण्यास अमेरिकेंतील मायामी शहराचें एक उदाहरण आहे. तेथें हैतीहून आलेल्या लोकांची ‘लिटल हैती’ नांवाची वस्ती आहे. हैतींत जन्मलेल्या चार्ल्स हॅरिसन पॉली या स्थपतीनें तेथें १९९० मध्यें एक बाजारगृह उभें केलें. नमुना घेतला होता पोर्ट-औ-प्रिन्सच्या १८९१ सालच्या सुप्रसिद्ध लोखंडी बाजाराचा. इमारत सुंदर होती. अमेरिकन स्थापत्य-संस्थेचा सन्मान तिला १९९१ मध्यें मिळाला. परंतु दुकानें चाललीं नाहींत, डागडुजी झाली नाहीं आणि ती कित्येक वर्षें बंद पडून राहिली. पुढें पुष्कळ फेरफार करून २०१४ सालीं ती पुन्हां उघडण्यांत आली, ती शेजारच्या सांस्कृतिक केंद्राला जोडून. स्थपतीच्या कौशल्यांत उणें नव्हतें. पण लोकांचा नित्याचा वावर जिच्यांतून जात नाहीं ती इमारत कोणत्याहि शैलीची असली तरी एकटी पडते.

तेव्हां आराखड्याचा आरंभ अंगणापासून करावा. एक मोठें सभागृह न बांधतां चार-पांच लहान घरें मोकळ्या जागेभोंवतीं मांडावीं : एक वाचनालयाचें, एक बालवर्गाचें, एक औषधोपचाराचें, एक स्वयंपाकाचें. यांत शोभेहून व्यवहार अधिक आहे. लहान घराचा सांगाडा लहान लांकडांत होतो, आणि हैतीमध्यें जंगल इतकें तुटलें आहे कीं लांब व जाड तुळई परदेशांतूनच आणावी लागते. शिवाय पैसा जमेल तसें एकेक घर पुरें करितां येतें, आणि एकाला अपाय झाला तर सगळें समाजमंदिर बंद पडत नाहीं. अंगणांतील जुनें झाड तोडूं नये. त्याच्या सावलीची जागा मोजून मग खांब आंखावे.

सभेसाठीं मात्र एक मोठें छप्पर हवेंच. त्याला आधार तेथील ‘पेरिस्तिल’चा घेतां येतो. व्होडू पंथाच्या उपासनेची ही जागा. चारी बाजूंनीं मोकळा मंडप, आणि मध्यें एक खांब. त्या खांबाला ‘पोतो-मितां’ म्हणतात, आणि घर सांवरणाऱ्या बाईलाहि तेथें याच नांवानें गौरवितात. रचना म्हणून हा मंडप उत्तम आहे. परंतु तो मधला खांब उपासकांना पूज्य आहे, आणि गांवांत कॅथोलिक व प्रॉटेस्टंट लोकहि असतात. म्हणून तो घ्यावा कीं नाहीं हें स्थपतीनें आपल्या मनानें ठरवूं नये, गांवाला विचारावें. खांब न घेतां मंडप घेतला तरी बिघडत नाहीं.

भिंतींविषयीं आतां फार लिहावयास नको. जोतें दगडाचें, गुडघ्याएवढें तरी उंच, म्हणजे पुराचें पाणी आणि वाळवी दोन्ही खालींच राहतात. लांकडी खांब जमिनींत पुरूं नयेत, जोत्यावर बसवून लोखंडी पट्टीनें जखडावे. प्रत्येक कोपऱ्यास तिरपा टेकू. मधल्या पोकळींत क्लिसाद किंवा दगडमातीचा भरणा. भूकंपानंतर ग्रेनोबल येथील क्रातेर ही संस्था हैतीच्या खेड्यांतील संघटनांबरोबर याच पद्धतीनें घरें बांधूं लागली. अशा घराचा पुऱ्या मापाचा नमुना फ्रान्समध्यें हलत्या मंचावर ठेवून पारखण्यांत आला. भरण्यास तडे गेले, पण घर उभें राहिलें. चौकट उघडी दिसत असल्यानें कोणता सांधा सुटला तेंहि गांवच्या सुताराला दिसतें. तेथें कसबी कारागिराला ‘बॉस’ म्हणतात. हा मान त्या इमारतीनें त्याला प्रत्यक्ष द्यावा.

खरी अडचण पुढेंच आहे, आणि ती सोडविल्यावांचून केलेला कोणताहि आराखडा अपुरा समजावा. भूकंप म्हणतो, घर हलकें करा. तुफान म्हणतें, घर हलकें केलेंत तर उडवून नेईन. ४ ऑक्टोबर २०१६ रोजीं मॅथ्यू नांवाचें तुफान देशाच्या दक्षिण द्वीपकल्पावर आलें, तेव्हां जेरेमी शहरांत आणि आसपासच्या खेड्यांत घरांवरचे पत्रे पानांसारखे उडाले. १४ ऑगस्ट २०२१ रोजीं त्याच द्वीपकल्पाला ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला, दोन हजारांहून अधिक माणसें मेलीं. आणि दोनच दिवसांनीं ग्रेस नांवाचें वादळ उघड्यावर निजलेल्या लोकांवर कोसळलें. दोन शत्रू आळीपाळीनें येतात असेंहि नाहीं. ते एकाच आठवड्यांत येतात. हैतीचा माणूस काँक्रीटच्या छताकडे कां वळला याचा अर्धा उलगडा येथें होतो. तें छत निदान उडत तरी नाहीं.

वारा छपराला ढकलून पाडतो अशी सामान्य समजूत असते. वस्तुतः तो तें वर ओढून काढतो. कागदाची अरुंद पट्टी खालच्या ओठाशीं धरून तिच्यावरून जोरानें फुंकर घालावी. पट्टी खालीं न जातां वर उचलली जाईल. छपराचें तसेंच होतें. म्हणून त्याला वजनानें दाबून ठेवण्यापेक्षां खालीं बांधून ठेवणें हा उपाय आहे. आढें वाशाला, वासा तुळईला, तुळई खांबाला, खांब जोत्याला, अशी लोखंडी पट्ट्यांची साखळी माथ्यापासून पायापर्यंत कोठेंहि न तुटतां जावयास हवी. एकच कडी राहिली तर बाकीच्या सर्व व्यर्थ. पत्रे साध्या खिळ्यांनीं न ठोकतां आट्याच्या स्क्रूंनीं बसवावे, आणि वळचणीला व आढ्याला ते दाट असावे, कारण पत्रा तेथूनच उचकटूं लागतो. दुपाखी छपरापेक्षां चौपाखी छप्पर वाऱ्याला कमी पकड देतें. उतार उभट हवा. तीस अंशांच्या आसपास चांगला.

आतां ओसरी. ती हैतीच्या घराचा जीव आहे. दुपारी माणूस तेथेंच बसतो, रस्त्यानें जाणाऱ्याशीं तेथूनच बोलतो, मुलें तेथेंच धडे गिरवितात. पण तुफानांत ओसरीचें छप्पर छत्रीप्रमाणें वारा धरतें आणि मुख्य छपरालाहि उखडून नेतें. तोड अशी कीं ओसरीचें छप्पर मुख्य छपराच्या अखंड उतारांतून न काढतां त्याच्या हातभर खालीं, निराळ्या वाशांवर बसवावें. फार मोठें तुफान आलें तर ओसरी जाईल, घर राहील. दुसऱ्या आठवड्यांत गांव मिळून ओसरी पुन्हां घालील. पालीची शेपटी तुटते आणि पाल निभावते, त्यांतलाच हा प्रकार होय.

खिडक्यांना कांचा नकोत. जिंजरब्रेड घरांत उन्हाळ्यासाठीं झिलमिली आणि तुफानासाठीं भरीव झडपा असत. वारा एकदां आंत शिरला कीं तो छपराला आंतून वर रेटतो, हें त्या सुतारांना पुस्तक न वाचतां ठाऊक होतें. तापलेली हवा निघून जाण्यासाठीं छताजवळ जाळी असावी. कोरीव नक्षीला येथें खरें काम मिळतें. लांकूड महाग पडत असेल तर राजधानीजवळच्या क्रुआ-दे-बुके गांवचे कारागीर आहेतच. तेलाचें रिकामें पिंप उभें चिरून, हातोडीनें सपाट करून, छिन्नीनें त्यांतून पक्षी, वेली, माणसें कापून काढण्याची कला तेथील जॉर्ज लिओतो या लोहारापासून वाढली. २०१५ सालीं राजधानींत उघडलेल्या एका कॉलरा-उपचार केंद्राच्या दर्शनी बाजूस स्थानिक कारागिरांनींच केलेले छिद्रांचे धातूचे पत्रे लाविले आहेत. त्यांतून उजेड आणि वारा दोन्ही येतात.

कॉलऱ्याचें नांव निघालें म्हणून पाण्याचें सांगणें भाग आहे. भूकंपानंतर नऊ महिन्यांनीं, ऑक्टोबर २०१० मध्यें, त्या देशांत कॉलरा शिरला आणि पुढील वर्षांत त्यानें सुमारें दहा हजार बळी घेतले. समाजमंदिराच्या सर्व छपरांचें पाणी पन्हळींनीं एका झाकलेल्या टाकींत आणावें, आणि शौचकूप तिच्यापासून दूर, उताराच्या खालच्या अंगास ठेवावे. ही टाकी, औषधांची कोठी आणि तुफानाच्या रात्रीं म्हातारींकोतारीं माणसें बसतील अशी एक खोली, एवढा भाग सलोह काँक्रीटचा, खऱ्या स्थापत्यशास्त्रज्ञानें आखलेला आणि सळयांत कसूर न केलेला असा बांधला तर त्यांत परंपरेचा अपमान मानण्याचें कारण नाहीं. छत मात्र बुटकें आणि खोली लहान असावी.

या सर्वांवर गांवकरी एक आक्षेप घेतील, आणि तो ऐकून घेतला पाहिजे. कुड आणि माती हें गरिबाचें घर. मुलगा परदेशीं जाऊन पैसे पाठवूं लागला कीं पहिलें काम काँक्रीटचें घर बांधण्याचें. मग गांवानें सार्वजनिक इमारत मातीची कां करावी? शहरांतील स्थपतीनें खेड्याला साधेपणाचें महत्त्व पटवूं लागणें हें थोडें हास्यास्पदच दिसतें. येथें शब्दांचा उपयोग नाहीं. पहिलें घर, बहुधा बालवर्गाचें, इतकें नीट करावें कीं चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्याखालीं क्लिसाद आहे हें सांगितल्यावांचून कळूं नये. आणि एका कोपऱ्यांत वीतभर भिंत मुद्दाम उघडी ठेवावी, म्हणजे आयाबायांना आंतील वीण दिसेल. अर्थात् भूकंपानें कोणाला काय शिकविलें हें गांवाला स्थपतीपेक्षां अधिक माहीत असतेंच.

आजची हैतीची स्थिति बांधकामाला अनुकूल नाहीं हेंहि खरें. जुलै २०२१ मध्यें राष्ट्राध्यक्षांची हत्या झाली, आणि त्यानंतर राजधानीचा बहुतेक भाग सशस्त्र टोळ्यांच्या हातीं गेला. जिंजरब्रेड घरांतील सर्वांत प्रसिद्ध असें ओलोफसन हॉटेल, जें भूकंपांत टिकलें होतें, तें जुलै २०२५ मध्यें जाळण्यांत आलें. लांकडी चौकट आगीला प्रतिकार करूं शकत नाहीं. १९२५ च्या त्या नगराध्यक्षांची भीति अगदींच निराधार नव्हती. म्हणूनहि लहान लहान घरें, त्यांच्यामध्यें मोकळें अंगण, आणि स्वयंपाकघर दगडाचें व सर्वांपासून बाजूला, हाच लाकूचा जुना बेत बरा. राजधानीबाहेरच्या खेड्यांतून अशीं घरें अजून उभीं राहतात.

आराखड्यांत एक खोली बहुधा विसरली जाते. ती अवजारांची. शिडी, करवती, हातोडे, चुन्याचें पिंप, वाळवीचें औषध, पत्र्याचे दहा-वीस जादा ताव, स्क्रूंचा डबा आणि नक्षी कापण्याचे लांकडी साचे खुंटीला टांगलेले. वर्षांतून एकदां, जून लागण्यापूर्वीं, कोंबीत बोलावून प्रत्येक सांधा आणि प्रत्येक पट्टी तपासावयाची, भिंतींना चुना द्यावयाचा आणि जेवण अंगणांत करावयाचें. तुफानाच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं सर्वांच्या आधीं हीच खोली उघडावी लागते. तिची किल्ली कोणाकडे राहावयाची, हें पाया खणण्यापूर्वींच ठरलेलें बरें.